वाघोबाच्या दोन पायऱ्या

गारवी नदीच्या एका खेकड्यानं एकदा एसटी अडवून धरली होती. पुलावर पाणी आलेलं, ड्रायव्हरनं हिंमत करून गाडी पाण्यात घातली, आणि मागच्या चाकाला खेकड्यानं जी नांगी घातली ती पेणहून दुसरी गाडी येईपर्यंत सोडली नाही. पुढं तो खेकडा शिजवला तेव्हा वरच्या वाडीतल्या चौदा घरांना पुरला, आणि उरलेला रस्सा लोकांनी दुसऱ्या दिवशी भाकरीशी खाल्ला.

ही हकीकत बेलापूरच्या धरण-आखणी कार्यालयात निदान साठ वेळा सांगून झाली होती. कुणी टोकलंच, की "दिनानाथराव, मागच्या खेपेला गाडीत बत्तीस पॅसेंजर होते, आज चाळीस कसे?" तर दिनानाथ चहाचा घोट संपवून शांतपणे म्हणायचा, "आठ जण नंतर चढले. गाडी उभीच होती ना."

दिनानाथ तिथं अनुरेखक होता. साहेब लोक पेन्सिलीनं नकाशे काढायचे, आणि त्यावर निळसर मेणकापड पसरून दिनानाथ शाईनं रेघ न रेघ गिरवायचा. हात असा स्थिर, की टेबलाखालून उंदीर गेला तरी रेघ हलत नसे. उंदराच्या जागी तो कधीकधी घोरपड सांगायचा, ते सोडा. शाई चुकीच्या जागी पडली तर अर्ध्या ब्लेडनं हलकेच खरवडायची, वरून खोडरबर फिरवायचं, की कापड पुन्हा कोरं. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यानं पाच धरणं गिरवली होती. आता बाण्णव साल लागलं होतं, निवृत्तीला सात महिने होते, आणि टेबलावर जे सहावं धरण आलं होतं ते त्याच्या स्वतःच्या गावचं होतं.

नवी मुंबईला पाणी कमी पडत होतं. सानपाड्यात दिनानाथच्या स्वतःच्या बिल्डिंगमध्ये टँकर आला की बायका साड्या खोचून जिन्यावरून धावायच्या, आणि त्याची बायको सरोजिनी त्यांच्यात सगळ्यात पुढं. तेव्हा गारवीवर धरण हवं, याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. कुंभेरी गावची खालची वाडी बुडणार, तिची भातखाचरंही जाणार, हे त्यानं मनाशी घोटून घोटून गिळलं होतं. पण वरची वाडी टेकाडावर होती. वाघोबाच्या चौथऱ्याला टेकून त्याच्या थोरल्या बहिणीचं, पुतळाचं, घर होतं. पुतळा लग्नानंतर पाचव्या वर्षी विधवा झाली, मूलबाळ नाही. त्या घरात ती चाळीस वर्षं एकटी राहत होती. गाय, दोन फणस, आणि उंबऱ्यावर बसलं की खाली नदीचं वळण. पाणी तिच्या अंगणाखाली येऊन थांबेल, असा त्याचा हिशेब होता. तळ्याकाठचं घर होईल बायचं. उतारवयात मासे उंबऱ्याशी.

मग एका सोमवारी उपअभियंता अभिराम याचा पेन्सिलीचा नकाशा गिरवायला आला. अभिराम तिशीतला, साताऱ्याकडचा, दिवसभर चष्मा पुसत असायचा. नकाशावर दोन रेघा होत्या. खालची निळी आणि वरची तांबडी. तांबडी रेघ वाघोबाच्या चौथऱ्याला वरून वळसा घालून गेली होती. वरच्या वाडीची चौदा घरं तिच्या आत.

"साहेब, ही तांबडी एवढी वर कशी?"

"निळी म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावर पाणी कुठवर राहील ती," अभिराम म्हणाला. "पण भरलेल्या धरणात अडुसष्टसारखा पूर आला, सगळी दारं उघडली, तरी पाणी फुगणारच. ते जिथवर फुगेल ती तांबडी. तिच्या आत माणूस झोपलेला आपल्याला चालत नाही. आणि अडुसष्टच्या पुराची खूण वाघोबाच्या दुसऱ्या पायरीवर आहे की. ऑइलपेंटनं रंगवलेली. मी स्वतः जाऊन बघितली, गावातल्या अकरा म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. आणि गंमत सांगू? तेव्हाच्या नोंदवहीत मोजणाऱ्याची सही तुमचीच आहे."

दिनानाथचा हात टेबलावरच राहिला. त्या खुणेवर पहिला रंग चढला तो चिखलाचा होता, आणि तो कुणी लावला हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं.

झालं होतं असं. अडुसष्ट साली दिनानाथ अनुरेखक नव्हता. गारवीच्या पुलाखाली फुटाफुटानं रंगवलेला एक लाकडी खांब होता, त्यावर पाणी किती चढलं ते पाहून वहीत लिहायचं, एवढीच त्याची नोकरी. पावसाळ्यात दर तासाला. त्या दिवशी गौरी जेवायच्या होत्या. वरच्या वाडीत गौरींना तिखटाचा नैवेद्य असतो, आणि पुतळानं भावासाठी चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं. दिनानाथ दुपारी बाराची नोंद करून वर गेला, जेवला, आणि जरा पाठ टेकतो म्हणाला. कालवण असं उतरलं होतं, की पाठ टेकली ती चारला उचलली. बाहेर आला तर नदी शेतातून वाहत होती आणि खांब गेला होता. नुसता बुडाला नव्हता, मुळापासून उपटून गेला होता.

पाणी चढलं होतं ते खळ्याच्या बांधापर्यंत. वाघोबापासून दोन पुरुष उंचीनं खाली. पण खळ्यापर्यंतच्या पुरात खांब वाहून गेला, तर मग मोजणारा कुठं होता, असा प्रश्न आला असता. असल्या चुकीपायी दोन महिन्यांपूर्वीच नोकरी गेलेली माणसं दिनानाथला माहीत होती. पूर मोठा हवा होता. एवढा मोठा, की कुणीच खांबापाशी उभं राहू शकलं नसतं.

"बाय, चिखल लागंल," तो पुतळाला म्हणाला होता.

"कशाला रं?"

"वाघोबाला."

पुतळा तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. ती हसत हसत टोपलं घेऊन नदीवर उतरली आणि गाळानं भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन वर आली. बहीणभावानं वाघोबाच्या दोन पायऱ्या, शेजारच्या आंब्याचं खोड आणि स्वतःच्या घराचं जोतं हातानं सारवलं. वर थोडा पालापाचोळा, दोन बांबूच्या काटक्या, एक मेलेला बेडूक. बेडूक पुतळाची कल्पना. तीन दिवसांनी साहेब आले, चिखल पाहिला, बेडूक पाहिला, दिनानाथची पाठ थोपटली आणि पायरीवर तांबड्या रंगाची आडवी रेघ ओढून खाली साल घातलं. अशा जीवघेण्या पुरात जागा न सोडणारा मोजणीदार म्हणून पुढच्याच वर्षी त्याची बढती झाली. ज्या हातानं चिखल लावला त्याच हातात शाईचं पेन आलं.

म्हणजे नोकरी, बढती, सानपाड्याचं घर, सगळं त्या बेडकावर उभं होतं.

आता त्यानं काय करावं? त्यानं तेच केलं जे हाताला येत होतं. मेणकापड पसरलं, तांबडी रेघ गिरवत गिरवत वाघोबापाशी आला, आणि तिथं पुतळाच्या घराखालून एक बारीकसा वळसा घातला. खालच्या नकाशावरची पेन्सिलीची रेघ खोडून टाकली. घर बाहेर. एकच घर. तेरा घरांचं त्याला वाईट वाटलं, पण तेरा घरं बाहेर काढायला रेघेला पोट काढावं लागलं असतं.

अभिरामनं चष्मा पुसला आणि कापड उजेडात धरलं.

"दिनानाथराव, हे घर कुणाचं?"

"बहिणीचं."

"पाणी काय तुमच्या बहिणीचं घर बघून वळसा घालणार आहे? सपाट राहतं हो ते. त्याला नातीगोती नसतात."

तेव्हा दिनानाथनं दार लोटून घेतलं आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा एक गोष्ट जशी घडली तशी सांगितली. कालवण, झोप, खांब, टोपलं, बेडूक. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. सांगताना त्याच्या लक्षात आलं, की खरी गोष्ट सांगायला हात हलवावे लागत नाहीत. ते नुसते मांडीवर पडून राहतात.

अभिराम आधी हसला. हसणारच. बाहेर चहाचे पेले घेऊन निघालेला शिपाईसुद्धा दाराआडून हसला. एसटी धरणाऱ्या खेकड्यानंतर हा बेडूक कुणाला खरा वाटावा? मग अभिरामनं दिनानाथच्या हातांकडं पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं.

"लेखी देता?"

"देतो."

"नोकरीवर बेतेल."

"साहेब, घर आहे ते तिचं."

अभिराम सरळ माणूस होता. त्यानं कागद घेतला, पण म्हणाला, "नुसत्या तुमच्या शब्दावर मी रेघ खाली ओढली आणि उद्या खरंच पाणी आलं, तर चौदा घरांची माणसं माझ्या माथी. त्या अकरा जणांना इथं बोलावतो. खोडू देत त्यांनी आपले जबाब. मग खाली घेऊ रेघ."

दिनानाथला हायसं वाटलं. वाडीतली माणसं आपलीच. घर वाचवायचं तर कोण खरं बोलणार नाही?

पंधरा दिवसांनी अकरा म्हातारे टेम्पोतून बेलापूरला उतरले. पुतळाही त्यांच्यातच होती. अकरा जणांत ती एकटी बाई. कार्यालय चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्टला हात लावायला कुणी तयार नाही. सगळ्यांत पुढं ज्ञानू, वाडीतला सगळ्यात जुना माणूस, काठी टेकत धापा टाकत चढला आणि वर येऊन म्हणाला, "येवढ्या वर हापिस? साहेबांना पुराची लय धास्ती हाय वाटतं."

दिनानाथनं सगळ्यांना चहा दिला आणि जिन्याच्या तोंडाशीच सांगून टाकलं. "ज्ञानूदादा, अडुसष्टला पानी वाघोबापर्यंत आलं नव्हतं. मी खोटं लिवलं व्हतं. तुमी साहेबांना सांगा, पानी खळ्यापर्यंतच व्हतं. घरं र्‍हातील."

ज्ञानू त्याच्याकडं असा बघायला लागला, जणू समोरचा माणूस वेगळाच कुणी आहे.

"आलं नव्हतं?"

"नव्हतं."

"आरं मी डोल्यांनी बघितलाय! वाघोबाच्या मागच्या जांभलीवर चढून बसलो व्हतो. पाय वर घेतले म्हनून वाचलो."

"दादा, तू त्या दिवशी पेनला व्हतास. सासऱ्याकडं."

"पेनला? मी? तू काय आता माझा जनम बी पेनला घालशील!"

जांभळीवर पाय वर घेऊन बसलेला ज्ञानू दिनानाथनंच रचला होता. सत्तर सालच्या शिमग्यात, ज्ञानूची थट्टा करायला. वाडी पोट धरधरून हसली होती, आणि सगळ्यांत जास्त ज्ञानू. मग दर शिमग्याला ती गोष्ट निघत गेली. पोरांना पायरीवरची सरकारी रेघ दाखवायची आणि गोष्ट सांगायची. पोरांची पोरं झाली. रेघ तिथंच होती, तांबडीलाल, सालासकट. आता दिनानाथचाच माल त्याला कोणी तरी पहिल्या हातचा म्हणून परत देत होतं, आणि तो घ्यायला नकार देत होता तर देणाऱ्याला राग येत होता.

"माजी म्हस वाहून गेली त्या पुरात," एक जण म्हणाला.

"आनि दुसऱ्या दिवशी रेडकू घेऊन आली," दुसरा म्हणाला. ही म्हैसही दिनानाथचीच.

"दिना," ज्ञानूनं काठी जवळ घेतली, आणि आता त्याच्या आवाजात थट्टा राहिली नव्हती. "खरं सांग. सरकारनं तुला सांगाय लावलंय ना? शेतं घेतली, ती तं सगली खाली. आता पूर नव्हता म्हनायचं, म्हंजे घरं घ्यायला नकोत नि त्याचं पैसं द्यायला नकोत. शेतं पान्यात नि आमी टेकाडावर, काय गवत खायाचं? सात महिन्यांनी तू रिटायर व्हनार. आमच्या डोक्यावर पाय दिऊन व्हनार?"

दिनानाथ चहाचे रिकामे पेले गोळा करू लागला. समोर अकरा माणसं ऐकायला, आणि तो पेले गोळा करतोय. हे बेलापूरच्या कार्यालयात कुणी सांगितलं असतं तर तीच मोठी थाप वाटली असती.

आत अभिरामनं एकेकाला विचारलं. दहा जणांनी पूर पाहिला होता. एकाच्या पुरात पाणी दोन पायऱ्या होतं, बाकीच्यांच्या तीन.

"आजी, तुमचं घर अगदी वाघोबाला लागून," तो शेवटी पुतळाला म्हणाला. "तुम्ही घरात होतात. तुमचा भाऊ म्हणतो ती मातीची गोष्ट खरी आहे का?"

पुतळा पदर सारखा करत खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. तिनं दिनानाथकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. सांग, बाय. आता तूच एक आहेस.

"साहेब," ती म्हणाली, "आनि समजा त्यानं तवा खोटं लिवलं आसंल, तं त्याचं काय व्हनार?"

अभिराम सरळ माणूस होता, हे आधी सांगितलंच. त्याला गोड बोलता येत नव्हतं. "चौकशी लागेल, आजी. खोटी नोंद, त्यावर बढती. निवृत्ती तोंडावर आहे. पेन्शन अडकेल, नोकरीवरून काढतीलही."

"साहेब, तिला ते नका..." दिनानाथ उठला.

"तू बस," पुतळा म्हणाली. लहानपणी नदीत खोल जायला लागला की म्हणायची तशी. मग अभिरामकडं वळून एका दमात बोलली. "पानी आलं व्हतं. माज्या उंबऱ्याला लागलं व्हतं. मी गाय सोडली नि गौरी उचलून मालावर ठेवल्या. माजा भाव लहानपनापासून थापाडा हाय साहेब, आता रिटायर व्हायच्या भीतीनं काय बी बरलतोय. मला एकटीला माजं घर राखायचंय म्हनून त्यानं ह्ये केलं. त्याचा कागद फाडा."

तिनं अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली.

अभिरामला काय वाटलं हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. अकरा जबाब एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला खेकड्याची गोष्ट सांगणारा माणूस. त्यानं कागद दिनानाथच्या हातात परत दिला.

खाली टेम्पो उभा होता. बाकीचे चढले. दिनानाथ पुतळाच्या मागं मागं जिना उतरला आणि शेवटच्या पायरीवर त्यानं तिचा दंड धरला.

"बाय, का? का केलंस?"

"टोपलं कुनाच्या डोक्यावर व्हतं?" पुतळा म्हणाली. "मंग?" आणि टेम्पोत चढताना वळून, "बेडूक तं माजाच व्हता."

त्या आठवड्यात दिनानाथनं कापडावरचा वळसा ब्लेडनं खरवडला, आणि तांबडी रेघ जिथं साहेबांनी काढली होती तिथंच, वाघोबाच्या वरून, गिरवली. इतकी साफ रेघ त्याच्या हातून आयुष्यात दुसरी उतरली नव्हती. सात महिन्यांनी त्याला नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. समारंभात सगळ्यांनी खेकड्याची गोष्ट सांगा म्हणून गलका केला. त्यानं सांगितली, पण एसटीत पॅसेंजर किती होते ते आठवेना.

धरणाचं काम पुढं सहा वर्षं चाललं. वरच्या वाडीची घरं उतरवली, कौलं आणि वासे लोकांनी नेले, वाघोबाला पुनर्वसनाच्या वसाहतीत नेऊन सिमेंटच्या नव्या ओट्यावर बसवलं. पुतळाला वसाहतीत खोली मिळाली होती, पण तिला एकटीला तिथं राहू देणं दिनानाथला जमलं नाही. ती सानपाड्याला आली. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात गारवीचं पाणी पहिल्यांदा नळाला आलं, तेव्हा पुतळानं घरातली सगळी भांडी भरली. हंडे, पातेली, डबे, वाट्या, देवाचा गडू.

"वन्सं, आता दिवसभर पाणी आहे," सरोजिनी म्हणाली. "कशाला भरता?"

"भरू दे. माज्या अंगनातलं हाय."

मग सरोजिनीही वाट्या पुढं करू लागली.

त्याच भाद्रपदात गौरी आणायच्या होत्या. वाडीच्या गौरी म्हणजे तेरड्याची रोपं. ती पाणवठ्यावरूनच आणायची, बाजारातली चालत नाहीत. पाणवठा आता धरणात होता, पण गौरी काही पत्ता बदलत नाहीत. वसाहतीतून टेम्पो निघाला, सानपाड्याहून दिनानाथ आणि पुतळा एसटीनं गेले.

धरण काठोकाठ भरलं होतं. त्या वर्षी पाऊसही असा लागला होता, की आठवडाभर सगळी दारं उघडी होती. बायका सुपं घेऊन उतरणीला लागल्या आणि एकदम थांबल्या.

पाणी खाली होतं. खळं जिथं होतं तिथं येऊन, दोन पुरुष खाली, थांबलेलं. आणि वर वाडी होती तशीच कोरडी. घरं नाहीत, नुसती चौदा जोती. जोत्यांवर, अंगणांत, चुलींच्या जागी कंबरेएवढा तेरडा माजला होता. गुलाबी, पांढरा. वाघोबाच्या रिकाम्या चौथऱ्याच्या पायऱ्यांवरसुद्धा. दुसऱ्या पायरीवरची रंगाची रेघ फिकट झाली होती, पण दिसत होती. तिच्यावर गोगलगाय चालली होती.

पुतळा आपल्या जोत्यावर चढली, जिथं उंबरा होता तिथं बसली. तिथून नदीचं वळण दिसायचं. आता सगळं सपाट पाणी.

ज्ञानू काठी टेकत चौथऱ्यापाशी आला. सहा वर्षांत तो फार वाकला होता. त्यानं पायरीकडं पाहिलं, मग पाण्याकडं, पुन्हा पायरीकडं. चेहऱ्यावर राग नव्हता. लहान मुलाला कुणी अंधारात बोलवावं आणि बोलावणाराच नाहीसा व्हावा, तेव्हा त्या मुलाचा होईल तसा तो चेहरा झाला होता.

"दिना," तो म्हणाला, "सगली दारं उघडी व्हती म्हनत्यात. तरी पानी आलं नाय रं हितवर."

मागं उभी माणसं जवळ सरकली. दिनानाथनं तोंड उघडलं. सहा वर्षं जे जिभेवर होतं ते आता सांगायला काही आड नव्हतं. पेन्शन चालू होती, साहेब बदलून गेले होते, जबाबाचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते कुणाला माहीत नव्हतं. खरं सांगायचं. मग या चौदा जोत्यांवर उभं राहून यांनी ते ऐकायचं, आणि संध्याकाळी वसाहतीत सिमेंटच्या खोल्यांत जाऊन झोपायचं.

"दिना," जोत्यावरून पुतळा म्हणाली. तिच्या मांडीवर उपटलेला तेरडा होता. "सांग यान्ला. अडुसष्टला पानी कुठवर आलं व्हतं."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती विसरली नव्हती. म्हातारपणानं काही पुसलं असेल म्हणून त्यानं तिचे डोळे नीट शोधले. त्यात टोपलं होतं, गाळ होता, बेडूकसुद्धा होता. आणि ते सगळं असून ती त्याला विनवत होती.

दिनानाथ पायरीवर बसला. हात आधी मांडीवरच पडून होते. मग ते हळूहळू उठले.

"तवा गौरी जेवायच्या व्हत्या," त्यानं सुरू केलं. "दुपार व्हती. आनि नदीनं असा आवाज काढला, असा, जसं डोंगरानं दात खावं. खांब तं गेलाच. मंग खळं गेलं. पानी वर आलं ते माणसासारखं चालत आलं, एकेका दारात थांबत. बायनं गाय सोडली, गौरी मालावर ठेवल्या. म्हस वाहून गेली..."

"नि रेडकू घेऊन आली," मागून कुणी म्हणालं. कुणीतरी हसलं.

"नि रेडकू घेऊन आली. ज्ञानूदादा जांभलीवर. पाय वर घेतलेले."

"वर घेतले म्हनून वाचलो," ज्ञानू म्हणाला, आणि त्याची पाठ थोडी सरळ झाली.

"आनि मंग पानी वाघोबाला लागलं," दिनानाथ म्हणाला. त्याचे हात हलतच होते. "दोन पायऱ्या बुडल्या..."

"दोन नाय रं," ज्ञानू म्हणाला. "तीन."

दिनानाथनं जोत्याकडं पाहिलं. पुतळा मान खाली घालून तेरड्याच्या मुळांची माती झटकत होती, सावकाश, एकेक रोप.

"तीन," तो म्हणाला.